डॅनियल ब्रायन मोठा, पण ब्रायन डॅनियलसन त्याहून मोठा

रिंगबाहेरचा
पटत नसेल तर भांडा. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी टीव्ही-कुस्ती कंपनीच्या २०१४ च्या रेसलमेनिया या मोठ्या शोमध्ये एका रात्रीत ट्रिपल एच, ऑर्टन, बटिस्टा असे तिघे पैलवान गारद करणारा डॅनियल ब्रायन सगळ्यांना आठवतो. माझ्या मते त्याचं खरं काम त्याआधीच होऊन गेलं होतं, ब्रायन डॅनियलसन या खऱ्या नावाने, छोट्या हॉलांत. रिंग ऑफ ऑनर या छोट्या कुस्ती कंपनीचा पहिला शो फेब्रुवारी २००२ चा, फिलाडेल्फियातला. त्यातही मुख्य लढतीत हाच. पुढे २००५-०६ मध्ये ४६२ दिवस तिथला बेल्ट, म्हणजे विजेतेपदाचा पट्टा, याच्याकडे. ना आतषबाजी, ना भलामोठा पडदा. याने हात पिरगाळून धरला की सगळा हॉल गप्प. टीव्हीवर ते जमत नाही, मधेच जाहिरात लागते.

खडूस
हॉल गप्प बसला आणि घरी गेला. डोळा कोणाचा गेला? २००७ मध्ये मोरिशिमा या जपानी पैलवानाच्या ठोशाने डोळ्याचा पडदा सुटला, तरी भाऊ मॅच संपवूनच बाहेर आला. तुम्ही याला मोठेपणा म्हणता! २०१६ ला निवृत्त होताना त्यानेच सांगितलं, पहिल्या पाच महिन्यांत तीन कन्कशन, म्हणजे मेंदूला मार. तेव्हा वय १८-१९, जुना पैलवान शॉन मायकल्सच्या तालमीतून नुकता बाहेर पडलेला.

लाल माती
मी जत्रेतल्या कुस्त्या बघून वाढलेला माणूस, मला ही सगळी नुराच, आधी ठरवलेली कुस्ती. पण ठोसा नुरा नव्हता, एवढं मान्य.

रिंगबाहेरचा
खडूस, डब्ल्यूडब्ल्यूईत काय डोकं शाबूत राहिलं? निवृत्ती तिथूनच घ्यावी लागली. तिथेही पैलवान कंत्राटदारच, पगारी नोकर नाहीत. २०१० मध्ये निवेदकाचा गळा टायने आवळला म्हणून हाकलला, दोन महिन्यांत परत घेतला. मधल्या दिवसांत हा कुठे खेळत होता? छोट्या हॉलांतच.

खडूस
परत घेतला म्हणून आज आपण बोलतोय. २००६ ला इथल्या कोणी बघितलं होतं त्याला?

रात्रपाळी
मी. एका मॅचसाठी दोन रात्री डाउनलोड. दुसऱ्या रात्री आईने वायर काढली, शेवट आठवड्याने कळला. तरी खडूसचं अर्धं पटतं. पण २०१८ ला डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हा पुन्हा उतरलाच ना? २०२४ ला लंडनच्या वेम्बलीत एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीचा बेल्टही जिंकला.

खडूस
आणि त्याच ऑक्टोबरमध्ये मॉक्सली या पैलवानाकडून हरून पूर्णवेळ कुस्ती संपली. मानेची दुखापत बघ त्याची.