पोस्टाने पैसे कधी पाठवलेत का? अनुभव लिहा

लालबागकर:
काल पोस्टात रांगेत होतो. पुढचा मुलगा विचारतोय, बहिणीला ओवाळणी म्हणून पाकिटात पाचशेची नोट टाकली तर चालेल ना. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, साध्या पाकिटात नोट चालत नाही, विमा उतरवावा लागेल, नाहीतर जीपे कर की बाबा. सगळी रांग हसली. मला आमचे बाबा आठवले. गिरणीचा पगार झाला की राजापूरला मनीऑर्डर. फॉर्मच्या तळाला निरोपाचं कुपन असायचं टीचभर, त्यात ते अख्खं घर कोंबायचे, 'पैकी ५० आत्यास देणे, म्हशीचे काय ते कळवणे'. २० रुपयांमागे १ रुपया कमिशन, त्यावरून आईची कुरकुर. आजीचा अंगठा असलेली पोच परत येईपर्यंत पावती खिशातून हलायची नाही. तुमचे किस्से येऊ द्या.

पमा_ठाणे:
म्हशीचं काय झालं ते आधी सांगा 😄

लालबागकर:
विकली. त्याच पैशात काकाचं लग्न.

सुमी७:
ट्रेनमध्ये आहे, दादर आलं, नंतर लिहिते

कोल्हापुरी_तडका:
आमचे पणजोबा नोट मधोमध कापून पाठवायचे म्हणे. एक तुकडा आधी, तो पोचल्याचं पत्र आलं की मग दुसरा. चोराला अर्धी नोट काय कामाची!

फोर्टवाला:
मुंबईच्या जीपीओसमोर (मुख्य पोस्टासमोर) कबुतरखान्याजवळ पत्रलेखक बसायचे, आमच्या ऑफिसचा शिपाई त्यांच्याकडूनच फॉर्म भरून घ्यायचा. निरोप सांगताना इतका लाजायचा की लेखकच म्हणायचा, बायकोला लिहितोयस ना, मग बोल की मोठ्याने.

पमा_ठाणे:
अगं आई गं 😂 आता इ-मनीऑर्डरला ठरलेल्या निरोपांच्या यादीतून नंबर निवडायचा, म्हशीसाठी नंबर नसणार

रिटायर्ड_कॅशियर:
विषयावर येऊ. चेक पाठवताय तर डाव्या कोपऱ्यात दोन रेघा मारून (म्हणजे क्रॉस करून) 'अकाउंट पेयी' लिहा, म्हणजे पैसे नाव असलेल्याच्या खात्यातच जातात, 'बेअरर' (जो चेक आणेल त्याला पैसे) खोडा, नाव आणि रकमेनंतर उरलेल्या जागेत रेघ ओढा. 'सात हजार'च्या आधी जागा सोडून ठेवली की लोक 'एक लाख सात हजार' करून आणतात, बघितलंय. आणि चेक ३ महिनेच चालतो, ६ महिन्यांचा नियम २०१२ मध्येच गेला, तरी लोक जुना चेक घेऊन भांडायला येतात.

सुमी७:
आले. आमच्या बिल्डिंगच्या लेटरबॉक्समधून चेकचं पाकीट गायब झालं होतं, क्रॉस होता म्हणून वाचलो, लगेच बँकेला सांगून स्टॉप पेमेंट केलं (चेक थांबवला). तेव्हापासून बाबा पाकीट उजेडात धरून बघतात आतलं दिसतंय का, दिसलं की चेक कोऱ्या कागदात गुंडाळतात. माझा खरा प्रश्न वेगळाच आहे, माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला फी म्हणून १० रुपयांची पोस्टल ऑर्डर (पोस्टात विकत मिळणारी ठरावीक रकमेची चिठ्ठी) लावायचीये, ती कोऱ्या नावाने पाठवली तर चालते का?

रिटायर्ड_कॅशियर:
कोरी नको. ज्या ऑफिसला अर्ज आहे त्यांच्याकडे फी कुणाच्या नावे घेतात ते विचारा, ते नाव लिहा, क्रॉस करा. नंबरचा फोटो काढून ठेवा.

सुमी७:
थँक्यू काका. आमच्या इथे पोस्टल ऑर्डर संपल्यात म्हणाले, कुणाला दादरच्या पोस्टात मिळाली का हल्ली?

फोर्टवाला:
जीपीओत बघा, जेवणाच्या सुट्टीआधी जा.