मदत हवी आहे : इंदूरमध्ये दोघांसाठी शांत बार, शक्यतो पश्चिमेकडे

आम्ही सुदामानगरला राहतो. येत्या गुरुवारी लग्नाला पाच वर्षं होतील. मुलगी आईकडे ठेवून तीन तास मोकळे मिळालेत, अकराच्या आत परतायचं आहे.

आजवर दोन ठिकाणं करून झाली. विजयनगरच्या एका रूफटॉपवर साडेआठलाच डीजे सुरू झाला; मग आम्ही शेजारी बसून एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅप करत होतो! दुसरा आमच्याच भागातला हॉटेलचा बार. तिथे ट्यूबलाइट, मोठ्या स्क्रीनवर क्रिकेट आणि सगळी पुरुषमंडळी. बायको म्हणाली, यापेक्षा आपली गच्ची बरी.

मी एखादी बिअर घेतो, ती घेत नाही. त्यामुळे तिच्यासाठी मॉकटेल म्हणजे नुसतं सरबत-सोडा नको. शाकाहारी जेवण चांगलं हवं. बजेट तीन हजारांपर्यंत, येणं-जाणं कॅबनेच.

सराफा, छप्पन दुकान हे खाऊबाजार सुचवू नका, तिथे दर आठवड्याला असतोच, आणि सराफ्यात उभ्याने कचोरी खाताना काय बोलणार?

अन्नपूर्णा रोड, फूटी कोठी किंवा राजेंद्रनगरकडे असा बार आहे का, जिथे गुरुवारी रात्री नऊ वाजता हळू आवाजात बोललेलं समोरच्याला ऐकू येतं? तुम्ही स्वतः बायकोला किंवा नवऱ्याला घेऊन गेला असाल तरच सांगा.