मदत हवी आहे: गाडी ऑइल खातेय, कुठलं घालू? रविवारी चोर्ल्यावरून गोव्याला जायचंय

जांबोटी_नाका
मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग केलं. आज ऑइल मोजायची पट्टी ओढून बघितली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलावं लागणार, चाळीस हजार धरून चाला. शेजारचे म्हणतात जाड ऑइल घाल, थांबतंय. रविवारी म्हापशाला भाचीचं बारसं आहे, आईबाबा सोबत. कुठलं ऑइल घालू एवढंच सांगा, लवकर.

उद्यमबाग_लेथ
गाडी पेट्रोल का डिझेल? किती पळालीय? सर्व्हिसिंगनंतर किती किलोमीटर झाले? कुठलं ऑइल घातलं होतं? खाली जमिनीवर डाग पडतो का?

जुनं_स्टेअरिंग
२०डब्ल्यू-५० घाल बाळा. आंबोलीच्या घाटात वडाप चालवलंय मी, बावीस वर्षं. तवापासून तेच घालुलालोय, इंजिनाला हात लावायची वेळ आली नाही.

टिळकवाडी_व्हील
काका, तुमचं इंजिन वेगळं होतं. आताच्या पेट्रोल इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक असतात, व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा ऑइलच्या दाबावर हलतं. ५डब्ल्यू-३० मधला ५डब्ल्यू म्हणजे थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते, ३० म्हणजे इंजिन तापल्यावरची जाडी. सकाळी स्टार्टर मारल्यावर जाड ऑइल वर हेडपर्यंत (इंजिनाचा वरचा भाग, जिथे व्हॉल्व्ह असतात) पोचायला उशीर लागतो, आणि बरीच झीज तेव्हाच होते.

जुनं_स्टेअरिंग
पुस्तकातलं सांगू नको. तापल्यावर पातळ ऑइल पिस्टनच्या रिंगमधून वर जातंय, जाड जात नाही. साधी गोष्ट आहे की.

निपाणी_डिझेल
डीपीएफ (धुरातली काजळी धरणारी जाळी) असलेली डिझेल गाडी असेल तर कमी राखेचंच ऑइल घाला, डब्यावर सी३ लिहिलेलं बघून. आणि लेव्हल कमी होण्यापेक्षा वाढत असेल तर जास्त घाबरा, जाळी साफ होताना डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मी स्वतः भोगलंय.

जांबोटी_नाका
अहो, पेट्रोल आहे! १.२ लिटर, २०१४ ची, केए-२२, सेकंडहँड घेतलेली. ९२,००० झालेत. सर्व्हिसिंगनंतर ११०० किलोमीटर. ऑइल गॅरेजवाल्याने कुठलं घातलं माहीत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर त्यावरच भांडण लागेल.

चिकोडी_एक्सप्रेस
पेट्रोल गाडी असेल तर टाकी इथे भरू नका, गोव्यात स्वस्त मिळतं. येताना फुल्ल करा.

उद्यमबाग_लेथ
पट्टी कधी बघितलीत? गाडी बंद केल्या केल्या? आणि कुठे उभी होती?

जांबोटी_नाका
खानापूरहून आलो, दारात लावली, लगेच बघितली. दारात थोडा उतार आहे. त्याने काय होतंय?

उद्यमबाग_लेथ
तिथेच निम्मं चुकलं. ऑइल वर हेडमध्ये असतं, खाली उतरायला दहा मिनिटं द्यावी लागतात. गाडी सपाटीला लावा, थांबा, पट्टी पुसून परत घाला, मग वाचा. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर असतं. किती घातल्यावर वरच्या खुणेला आलं ते लिहून ठेवा. बिल मागून ऑइलचा ग्रेडही विचारा.

जांबोटी_नाका
सपाटीला बघितलं. खालच्या खुणेच्या बोटभर वर आहे. वरच्या खुणेपर्यंत ६०० मिली लागलं. बिलावर ५डब्ल्यू-३० आहे, मॅन्युअलमध्येही तेच.

टिळकवाडी_व्हील
११०० ला ६०० मिली. अनेक मॅन्युअलमध्ये हजाराला एक लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, पण लहान पेट्रोल इंजिनाला हे जास्तच. ऑइल बदलून उत्तर मिळणार नाही, आधी ते जातंय कुठे ते बघा. ड्रेन बोल्टचा (खालून ऑइल काढायचा बोल्ट) वॉशर जुनाच लावला असेल तर तिथूनही गळतं.

उद्यमबाग_लेथ
डाग नसेल तर जळतंय. आणि चोर्ला घाट ह्यासाठी फुकटची तपासणी आहे. कणकुंबीच्या पुढे चोर्ल्यावरून केरीकडे उतरताना दुसऱ्या गिअरवर, अॅक्सिलरेटर सोडून उतरा. तेव्हा इंजिनात ओढ जास्त असते, व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे रबरी सील) कडक झाले असतील तर तिथून ऑइल आत ओढलं जातं. खाली सपाटीला आल्यावर अॅक्सिलरेटर दाबा, मागे निळा धुराचा एकच भपका आला तर सील. परत येताना चढणीवर जोर दिल्यावर सतत निळा धूर राहिला तर रिंग. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचलेली वाफ बाहेर सोडणारा) मात्र आजच काढून बघा. तो तुंबला तरी ऑइल जातं, आणि तो स्वस्तातला आहे.

जुनं_स्टेअरिंग
हे मात्र बरोबर सांगितलास. आमच्या वेळीही घाट उतरल्यावर मागचा गाडीवाला सांगायचा, धूर निघतोय म्हणून. पण सीलच गेले असतील तर जाड ऑइलने भागेल की.

टिळकवाडी_व्हील
काही दिवस भागेल काका, सील नवे होणार नाहीत.

कॅम्प_रहिवासी
पावसात चोर्ल्याचा रस्ता कसा आहे सध्या? आम्हालाही जायचंय.

जांबोटी_नाका
म्हापशाला जाऊन आलो. बाबा मागे वळून बघत होते. केरीला सपाटीवर आल्यावर निळा भपका, मग साफ. येताना चढणीवर काही नाही. पीसीव्ही ठीक होता. आज उद्यमबागेत दुसऱ्या मिस्त्रींना दाखवलं. सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून, हेड न काढता सील बदलतो म्हणाले. इंजिन खोलायची गरज नाही. गुरुवारी गाडी देतोय, ऑइल ५डब्ल्यू-३० च. लेथदादा, तुमचे फार उपकार झाले, आईने खास सांगितलंय.

उद्यमबाग_लेथ
आईंना नमस्कार. सील बदलल्यावर हजार किलोमीटरला परत सपाटीवर मोजा आणि इथे लिहा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा मागा.

कॅम्प_रहिवासी
रस्ता?

जांबोटी_नाका
कणकुंबीच्या आधी दोन ठिकाणी खड्डे आहेत, सकाळी धुकं होतं. सातनंतर निघा.