पायथॉनमध्ये मराठी यादी अकारविल्हे कशी लावायची?

मदत हवी आहे. घरच्या पुस्तकांची यादी ठेवायला पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. सगळं जमलं, पण क्रमवारीने डोकं उठवलंय. यादी क्रमाने लावणारं सॉर्टेड फंक्शन युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांकाने चालतं आणि तिथे ‘ळ’ बसलाय ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये. म्हणून ‘काळ’ येतो ‘कावळा’च्या आधी, आपल्या वर्णमालेत तर ‘ळ’ ‘ह’नंतर! ‘ॲ’ने सुरू होणारी नावं पार तळाला, ‘ह’च्याही खाली.

पायआयसीयू (भाषेच्या नियमांनुसार क्रम लावणारी पायथॉन लायब्ररी) लावायला गेलो, जुन्या लॅपटॉपवर ते कंपाइलच होत नाही. (तीन रविवार गेले.) सॉर्टेडला स्वतःचा अक्षरक्रम ‘key’ (क्रम कशावरून लावायचा ते सांगणारा पर्याय) म्हणून देता येईल, पण ‘क्ष’, ‘ज्ञ’ जोडाक्षरं, त्यांचं काय करायचं? कुणी हे हाताने केलंय का? कोड दाखवाल का?