पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे संसर्गच, असे नाही

या चर्चेत वर एका सदस्यांनी लिहिले आहे की रक्तातील पांढऱ्या पेशी (एका मायक्रोलिटरमागे) ११,००० च्या वर गेल्या की जंतुसंसर्गच आहे असे धरून चालावे. बहुतेक वेळा ते खरे ठरते; परंतु रक्तवाहिन्यांच्या दाहात, म्हणजे व्हॅस्क्युलायटिसमध्ये, याच पेशी नासधूस करत असतात, म्हणून ही भर घालतो आहे.

लहान वाहिन्यांच्या दाहाच्या एका प्रकारात शरीर स्वतःच्याच न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशींमधील पीआर-३ किंवा एमपीओ या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यांना ‘अँका’ म्हणतात. त्यांच्यामुळे चेतलेल्या न्यूट्रोफिल पेशी वाहिनीच्या अस्तराला चिकटतात, जंतू मारण्यासाठी राखलेली विकरे (एन्झाइम) तेथेच ओततात आणि आपल्याच डीएनएचे जाळे बाहेर फेकतात (या जाळ्यांचे वर्णन २००४ मध्ये झाले). फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांतील बारीक वाहिन्या यात फार होरपळतात. मोठ्या धमन्यांच्या ताकायासू आजारात मात्र टी-पेशी व मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रतिकारपेशींचा वाटा मोठा असतो.

वणी तालुक्यातील आमच्या गावी माझ्या मोठ्या आईला कापूस वेचणीच्या दिवसांत ताप, सांधेदुखी आणि नाकातून रक्त येणे सुरू झाले. दोन महिने केवळ प्रतिजैविके दिली गेली; लघवीची साधी तपासणी, जी ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते, कोणी सांगितलीच नाही, याचे मला अजून वाईट वाटते. पुढे नागपूरला लघवीत रक्त व प्रथिने आढळली, अँका तपासणी होऊन स्टेरॉइड आणि बी-पेशी (ज्यांच्यापासून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात) कमी करणारे रिटुक्सिमॅब हे औषध सुरू झाले. तोवर तिचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बिघडली की रक्तात वाढणारा घटक; एरवी साधारण १ असते) ४ वर पोहोचले होते.