जनरल्स झीरो अवर (कमांड अँड कॉन्कर मालिकेतला जुना युद्धाचा पीसी गेम) मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचंय, गेमस्पाय (ऑनलाइन खेळाडू जुळवणारी सेवा) गेल्यावर आता काय वापरता?

सातपूरचा_सम्या
कॉलेजचा जुना ग्रुप परत झीरो अवर खेळायचं म्हणतोय, दोघं पुण्यात, एक बंगळुरात, मी नाशकात. होस्टेलला लॅन होती त्यामुळे प्रश्नच नव्हता. आता स्टीमवरून घेतला, स्कर्मिश (कॉम्प्युटरविरुद्धची लढाई) मस्त चालते, पण मल्टिप्लेअरमध्ये ऑनलाइन दाबलं की कनेक्ट होतंय होतंय आणि शेवटी एरर. फायरवॉल बंद करून झाली. गेमरेंजर, रॅडमिन, सीएनसी ऑनलाइन अशी नावं ऐकलीत. बाकी तिघांना सेटिंगमधलं काही कळत नाही, फोनवर सांगून जमेल असं काहीतरी सुचवा.

टँकवाला
फायरवॉलचा काही संबंध नाही. ते बटण अजून गेमस्पायचा सर्व्हर शोधतंय, आणि तो २०१४ मध्येच बंद झाला. २०१२ ला ग्लू मोबाइलने गेमस्पाय घेतलं आणि ३१ मे २०१४ ला सगळ्यांसाठी बंद केलं, ईएच्या (झीरो अवर काढणारी कंपनी) गेम्सना तेवढा ३० जूनपर्यंत वेळ मिळाला. मला आजही याचं वाईट वाटतं, कारण क्वेकच्या काळापासून कोण कुठे खेळतंय हे त्यांच्याच यादीत बघायचो, आणि ती यादी गेली तर चांगला चालणारा गेमही लोकांना मेल्यासारखा वाटतो. पण झीरो अवरमध्ये गेमस्पाय फक्त माणसं जुळवायचं, लढाई सुरू झाली की डेटा थेट खेळाडूंच्या मशिनांमध्येच फिरतो. म्हणून जुळवणारं दुसरं कोणी मिळालं की झालं.
तुम्ही चौघं ओळखीचे आहात ना, मग डोळे झाकून रॅडमिन व्हीपीएन. इंटरनेटवरूनच सगळ्यांचे पीसी एका लॅनवर असल्यासारखे जोडतं, फुकट आहे. एकाने नेटवर्क बनवायचं, बाकीच्यांना नाव आणि पासवर्ड द्यायचा, मग गेमच्या ऑप्शन्समध्ये लॅन आयपीच्या जागी २६ ने सुरू होणारा पत्ता निवडायचा आणि ऑनलाइन सोडून नेटवर्कमध्ये जायचं. हा पत्ता निवडायचा राहिला तर एकमेकांचे रूम दिसणारच नाहीत, निम्मे लोक इथेच अडकतात.

रेडगार्ड_कोल्हापूर
रॅडमिन चांगलंच आहे पण मी गेमरेंजर म्हणेन. अकाउंट काढा, गेमची फाइल दाखवा, रूम उघडा, आयपीची भानगडच नाही. फक्त होस्ट करणाऱ्याकडे कधीकधी राउटरमध्ये यूडीपी १६००० पोर्ट (बाहेरून डेटा आत यायची वाट) उघडावा लागतो, आणि बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही त्यामुळे तो उघडताच येत नाही, तसं असेल तर दुसऱ्या कोणाला होस्ट करू द्या.

मनीषा_जीएलए
अनोळखी लोकांशी खेळायची हौस असेल तर सीएनसी ऑनलाइनच. रेव्होरा कम्युनिटीचे लोक चालवतात, त्यांचा लाँचर गेमस्पायकडे जाणारी हाक स्वतःच्या सर्व्हरकडे वळवतो, म्हणून गेमच्या आतली जुनी लॉबी, चॅट सगळं जसंच्या तसं मिळतं. पैसे न घेता लोकांनी हे जिवंत ठेवलंय, खरंच मानलं पाहिजे. सोबत जेनटूल (या गेमसाठी लोकांनी बनवलेलं फुकट जोड-सॉफ्टवेअर) टाका, वाइडस्क्रीनला पण बरं पडतं.

सातपूरचा_सम्या
सगळ्यांचे खूप आभार! रॅडमिनवर आम्ही तिघं आत आलो. पण बंगळुरूवाला आला की पाच-सात मिनिटांत मिसमॅच लिहून येतं आणि गेम संपतो??

टँकवाला
त्याच्याकडे मोड (गेममध्ये बदल करणाऱ्या बाहेरच्या फाइल्स) टाकलेला आहे का ते आधी विचार. प्रत्येक मशीन तीच लढाई स्वतः मोजत असतं, कुठे एक आकडा वेगळा निघाला की मिसमॅच. चौघांकडेही गेमचं १.०४ व्हर्जन पाहिजे, मोड काढलेला, आणि बाहेरून घेतलेला मॅप असेल तर तीच फाइल सगळ्यांकडे. त्याला सगळं काढून नव्याने इन्स्टॉल करायला सांग, दुरुस्त करत बसू नका. आणि ज्याचा पीसी सगळ्यात हळू त्याच्या वेगाने सगळ्यांचा गेम चालतो, त्यामुळे त्याचं जुनं लॅपटॉप असेल तर आठ जणांचे मोठे मॅप सध्या नकोत.

मनीषा_जीएलए
+१. आणि रूममध्ये सुपरवेपन लिमिट (महाशस्त्रांवर मर्यादा) लावा रे, नाहीतर शेवटी सगळे नुसते न्यूक बांधत बसतात.