इन्फ्रारेड/हायपरस्पेक्ट्रल (प्रकाशाचे शेकडो बारीक पट्टे पाडून बघणारी) यंत्रं बनवण्यात करिअर होतं का, की सगळं डेटावाल्यांचंच?

किरणवेडा:
एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला छोटा ग्रेटिंग स्पेक्ट्रोमीटर (बारीक रेघांच्या पट्टीने प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारं यंत्र) जुळवला आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पण जो भेटतो तो म्हणतो अरे पायथन शिक, सॅटेलाइटचा डेटा फुकट मिळतो, त्यावर मशीन लर्निंग कर. मला तो डेटा ज्यातून येतो ते यंत्रच करायचंय. हे लोक दिवसभर नेमकं करतात काय? पीएचडी लागतेच का?

थंडडब्बा:
पंधराएक वर्षं ह्यातच आहे. आधी गैरसमज काढतो, यंत्र 'बनवणं' थोडं, बाकी सगळं कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र दाखवतंय तो आकडा खरा आहे का हे पडताळणं. साधा कॅमेरा तीन रंग बघतो, 1987 सालच्या एव्हिरिसनेच (नासाचं विमानातून वापरायचं यंत्र) 400 ते 2500 नॅनोमीटरचे 224 पट्टे पाडले होते, आता एवढे तुकडे केल्यावर एकेकाच्या वाट्याला प्रकाश येतो चिमूटभर, आणि त्यातला जमिनीवरून किती आला नि आपल्याच डब्यात उड्या मारून किती आला हे छातीठोक सांगता आलं पाहिजे. थर्मलमध्ये (उष्णतेच्या किरणांत) तर विचारूच नकोस, 10 मायक्रॉनच्या आसपास भिंत, लेन्सची कडी, तुझा हात, सगळे दिवेच. म्हणून डिटेक्टर गार करायचा, बरेचदा पार 77 केल्विनपर्यंत (उणे 196 सेल्सिअस).

एकदा व्हॅक्यूम चेंबरमध्ये टेस्ट चालू असताना चित्राच्या डाव्या कडेला फिकट उजळ पट्टी दिसायला लागली, मधेच यायची मधेच जायची. ग्रेटिंगला शिव्या घालून झाल्या, डिटेक्टर बदलायची भाषा सुरू झाली. अकराव्या दिवशी कळलं, आतल्या एका ब्रॅकेटचा स्क्रू नीट आवळलेला नव्हता, त्यामुळे तो ब्रॅकेट बाकीच्यांइतका गारच होत नव्हता आणि शेजारचा हीटर लागला की चमकायचा. तो स्क्रू अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पीएचडीचं म्हणशील तर, यंत्र काय मोजणार हे ठरवायचं असेल तर कर. ऑप्टिक्स, क्रायो (अतिथंड करण्याचं तंत्र), इलेक्ट्रॉनिक्स ह्यात एमटेकवरही भरपूर काम आहे.

वर्णपट_ताई:
मी त्या 'डेटावाल्यां'पैकीच 😄 भांडायला आले नाहीये, पण ही भिंत खोटी आहे. चांद्रयान-1 वरच्या एम-3 ह्या नासाच्या स्पेक्ट्रोमीटरचं बघ, चंद्रावर पाणी-हायड्रॉक्सिलची खूण दिसली ती 3 मायक्रॉनच्या जवळ, म्हणजे बरोब्बर यंत्राची रेंज संपते तिथेच, वर तिथे चंद्राची स्वतःची उष्णताही मिसळते. कोणालाही आधी कॅलिब्रेशनचाच संशय येणार. कॅसिनी आणि डीप इम्पॅक्ट ह्या दुसऱ्या यानांच्या निरीक्षणांतही तेच दिसलं तेव्हा कुठे 2009 मध्ये जाहीर झालं. अशा वेळी तुला यंत्र आणि डेटा दोन्ही कळत नसेल तर तू नुसता बघत बसशील. पायथन शीकच.

गप्पू:
पण एकेका मिशनला दहा-दहा वर्षं लागतात ना? आणि रॉकेटच पडलं तर?

थंडडब्बा:
लागतात. पडलं तर दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही, मग स्पेअर मॉडेल बाहेर काढतात, असलं तर. उलटंही होतं बरं का, एमिट हे नासाचं यंत्र बांधलं ते वाळवंटी धुळीतली खनिजं बघायला, 2022 मध्ये स्पेस स्टेशनवर बसलं आणि मिथेनचे लोट पण दाखवायला लागलं, कारण मिथेनची खूण 2.3 मायक्रॉनला, ती आयतीच रेंजमध्ये.

किरणवेडा:
दोघांनाही धन्यवाद. मग आत्ता सुरुवात कुठून करू?

थंडडब्बा:
तुझ्याच स्पेक्ट्रोमीटरवर. मर्क्युरी दिव्याची 546.1 नॅनोमीटरची हिरवी रेषा घे, आठवडाभर रोज तीच मोज, कशालाही हात न लावता. सरकली तर का सरकली ते शोध. स्माइल, कीस्टोन (चित्रात रंग किंवा जागा सरकण्याचे दोष) वगैरे नंतर.

किरणवेडा:
तिसऱ्याच दिवशी 0.4 नॅनोमीटर सरकली. दोन तास ग्रेटिंगचा माउंट तपासत बसलो. दुपारचं ऊन खिडकीतून थेट बेसप्लेटवर येत होतं.

थंडडब्बा:
पडदा लावू नकोस. आधी बेसप्लेटचं तापमान आणि रेषेची जागा, दोन्हीचा ग्राफ काढ.